बाटली सुटल्यानंतरचं घर कुणी लिहायचं?

दारू सोडण्याबद्दल मुंबईत सर्वाधिक वाचला जाणारा मजकूर पुस्तकात नसतो, लोकलच्या डब्यात असतो. दाराजवळच्या पत्र्यावर, वशीकरणवाल्या बाबाच्या आणि घरबसल्या कमाईच्या शेजारी तो चिकटवलेला दिसतो: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. खाली मोबाइल नंबर, त्यातले एकदोन आकडे कुणीतरी नखाने खरवडलेले. लेडीज डब्यातही हे स्टिकर असतात आणि त्यामागे धंद्याची पक्की अक्कल आहे. दारूबद्दल वाचतं कोण, हे चिकटवणाऱ्याला ठाऊक आहे. पिणारा वाचत नाही. त्याची बायको वाचते, आई वाचते, बारावीतली मुलगी वाचते आणि मुकाट्याने नंबर टिपून घेते.

आपल्या लेखक-प्रकाशकांना हे अजून उमगलेलं नाही. व्यसनावरची मराठी पुस्तकं आता बऱ्यापैकी आहेत. नशेतून बाहेर आलेल्यांची आत्मकथनं आहेत, डॉक्टरांची मार्गदर्शनपर पुस्तकं आहेत, व्यसनमुक्ती केंद्रांच्या पुस्तिका आहेत. बहुतेक सगळी पिणाऱ्याने लिहिलेली, नाहीतर पिणाऱ्यासाठी लिहिलेली. घरातल्यांना त्यात एक प्रकरण मिळतं, सहसा शेवटून दुसरं, आणि त्यातही उपदेशच: त्याला समजून घ्या, टोमणे मारू नका, धीर सोडू नका. घराला स्वतःचं पुस्तक हवं आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याचा खर्च दारूवर कर घेणाऱ्या सरकारने उचलावा, असं माझं म्हणणं आहे.

मी मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी काउंटरवर बसते. व्यसनमुक्तीची पुस्तकं नेणाऱ्या बहुतेक बायकाच. सरळ मागत नाहीत. आधी दिवाळी अंक चाळतात, मग पाककृतींचं एखादं पुस्तक काढतात आणि ते वर, हे खाली, असं काउंटरवर ठेवतात. अशाच एका आत्मकथनाची प्रत परत आली तेव्हा तिच्यात पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या. पुस्तकात खुणा करू नयेत असा बोर्ड आमच्या भिंतीवर आहे, म्हणून खोडरबर घेऊन बसले. पहिल्या पेगच्या वर्णनाला खूण नव्हती. फुटपाथवर काढलेल्या रात्रीला नव्हती, केंद्रातल्या पहिल्या आठवड्यालाही नव्हती. लेखकाची बायको जिथे जिथे येत होती, तेवढ्याच ओळींना होत्या. तिने दागिने मोडले, ती माहेरी गेली, परत आली, केंद्राच्या फाटकाशी उभी राहिली. अख्ख्या जाडजूड पुस्तकात मिळून दीड पान भरेल एवढाच ऐवज. वाचणारीने स्वतःच्या कामाचं म्हणून जे वेचलं, ते एवढंच निघालं.

ही आत्मकथनं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. स्वतःच्या नावानिशी आपली फजिती छापायला छाती लागते. पण त्या लेखनाला एक ठरलेली वाट पडली आहे: पहिला घोट, उतरण, तळ, केंद्र, सुटका. दारू सुटली की गोष्ट संपते, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. पहिल्या रांगेत बायको बसलेली असते आणि निवेदक तिचा उल्लेख 'खंबीर साथ' असा करतो.

पुढची वर्षं कुठे लिहिलेली नसतात. आठ वर्षं शाळेच्या फॉर्मवर, गॅसच्या पुस्तकावर, पतपेढीच्या कर्जावर तिनेच सह्या केलेल्या असतात. आता तो शुद्धीवर आलाय आणि घराचा हिशेब मागतोय. मुलगा त्याला विचारून काही करत नाही, म्हणून त्याचा अपमान होतो. साडेनऊपर्यंत आला नाही की तिच्या पोटात अजूनही गोळा येतो. आल्यावर ती पाण्याचा ग्लास देण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घेते. ते त्याला कळतं आणि त्यावरून भांडण होतं. रोज संध्याकाळी तो दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो, जायलाच हवं, पण त्यामुळे आधी बारमध्ये असायचा त्या वेळी तो आताही घरात नसतोच. शिवाय तो घसरला तर? पुन्हा पिणं हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे, डॉक्टरही तेच सांगतात. चाळीत मात्र विचारणा तिच्याकडे होते: काय गं, काही बोललीस का त्याला?

या विचारणेची मुळं आपल्या रंगभूमीत शोधावी लागतात. 'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, प्रयोग पाहायला राहिले नाहीत. वकिलीची सनद गेलेला सुधाकर, तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ, आणि बालगंधर्वांची सिंधू. ती लोकांचं दळण दळते, पोटचं पोर नवऱ्याच्या हातून जातं आणि मरता मरता ती त्यालाच वाचवायला खोटी जबानी देते. दारूच्या विरोधात इतकं ताकदीचं नाटक मराठीत दुसरं नाही. पण मराठी बायकांना दारूबाबत मिळालेलं सर्वात प्रभावी सल्ल्याचं पुस्तकही हेच ठरलं. गडकऱ्यांनी ते सल्ला म्हणून लिहिलं नव्हतं, हे मान्य. प्रेक्षकांनी मात्र तसं घेतलं. शंभर वर्षं आपण सिंधूसाठी डोळे पुसतो आहोत. तिने जबानीत खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ही चर्चा मी कुठल्याही नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ऐकलेली नाही. तळीरामाची बायको गीता त्याच नाटकात आहे. तिच्या तोंडाला धार आहे, पण आपण तिला हसतो आणि पुढे जातो.

हा केवळ मराठी दोष आहे असं समजू नये. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या चळवळीची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत झाली आणि चार वर्षांनी, १९३९ साली, त्याच नावाचं त्यांचं पुस्तक निघालं. जगभरच्या मीटिंगांत आजही ते वाचलं जातं, मुंबईतही. त्यातलं आठवं प्रकरण बायकांसाठी आहे. ते 'आम्ही बायका' अशाच सुरात लिहिलंय. लिहिलं मात्र संस्थापक बिल विल्सनने, म्हणजे पिणाऱ्या नवऱ्याने. त्याची बायको लोइस दुकानात नोकरी करून इतकी वर्षं घर चालवत होती. हे प्रकरण आपल्याला लिहायला मिळेल अशी तिची अपेक्षा होती. मिळालं नाही, आणि ते तिला लागलं. बिलचं कारण असं की सगळं पुस्तक एकाच शैलीत असावं. कारण ऐकून हसू येतं आणि थोडा रागही. पुढे १९५१ साली लोइसने घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी चळवळ उभी केली. पिणाऱ्याच्या मीटिंगच्या बाहेर, चहाच्या किटलीपाशी ताटकळणाऱ्या बायकांच्या गप्पांतून ती निघाली. त्या चळवळीने नंतर स्वतःची पुस्तकं काढली. आपल्याकडे चळवळ आली, मीटिंगा भरतात, पण मराठीत घराचं लेखन त्या मानाने वाढलंच नाही.

एक ठळक अपवाद आहे आणि तो मुंबईचाच आहे. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको. त्यांनी आपल्या संसारातली दारू, मारहाण, पैशांची ओढाताण नावानिशी लिहिली. त्यात सुटकेचा शेवट नाही आणि कुणाला आदर्श करण्याची खटपटही नाही. गंमत अशी की व्यसनावर वाचायला काय द्यायचं असं विचारलं तर हे पुस्तक कुणाच्या तोंडावर येत नाही. आमच्याकडेही ते आत्मचरित्रांच्या कपाटात आहे. पिणारा लिहितो ते व्यसनमुक्तीचं पुस्तक आणि त्याच घरातली बाई लिहिते ते तिचं खासगी गाऱ्हाणं, अशी ही वाटणी आपण न बोलता करून टाकली आहे.

पुस्तकाने काय होतं, असा प्रश्न येईलच. मराठीत त्याचं उत्तर फार लांब नाही. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरची नशा मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली शिरली. अनिल अवचटांनी तिच्या नादी लागलेल्या पोरांच्या आणि त्यांच्या घरांच्या कहाण्या 'गर्द'मध्ये लिहिल्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्या वाचून हलले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. मनोविकारांच्या डॉक्टर असलेल्या अनिताबाईंनी घरच्यांना उपचाराबाहेर ठेवलं नाही. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' नावाचा गट चालतो. मुंबईत त्याआधीच, १९८१ साली, फादर जो परेरांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. म्हणजे वाचणाऱ्यांनी मनावर घेतलं की लिहिलेल्या कागदातून इमारत उभी राहते, हे आपण पाहिलंय.

तरीही इमारतींची पोच मर्यादितच. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात म्हटलंय. उरलेल्या ३७ जणांचं काय होतं? त्यांच्यावर घर उपचार करतं. घराला सुचतील ते.

घराला काय सुचतं ते मुंबईत कुणालाही तोंडपाठ आहे. शपथ घालायची. पंढरीची माळ घालायला लावायची. गावी पाठवायचं, हवापालट होईल, वाईट संगत सुटेल. कोकणातल्या कित्येक घरांनी मुंबईचा असा एखादा काका सांभाळलेला आहे. नाहीतर खोलीत कोंडायचं आणि चार दिवस थेंब मिळू द्यायचा नाही. इथे पुस्तक हवं असतं. कारण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या एकदोन दिवसांत भ्रम, ताप, अंगाचा थरकाप सुरू होऊ शकतो आणि ते जिवावर बेततं. दारू बंद करायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोंडणाऱ्या आईला हे कुणी सांगितलेलं नसतं. पोरगा भिंतीवर किडे दिसताहेत म्हणून ओरडायला लागला की तिला वाटतं, नाटक करतोय.

स्टिकरवाल्या पावडरीचंही तसंच. तिच्यात काय आहे ते पाकिटावर नसतं. डॉक्टर देतात त्यातली डायसल्फिरामची गोळी घरच्यांना माहीत झालेली असते आणि ती गुपचूप आमटीत कालवली जाते. ही गोळी दारू पचवण्याची साखळी मध्येच तोडते. त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड शरीरात साठतं. मग प्यायल्यावर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. हृदय आधीच कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. म्हणून ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. नकळत दिली आणि तो बारमध्ये कोसळला तर बायकोनेच काहीतरी केलं असं होईल. हे सगळं आठव्या प्रकरणातल्या धीराच्या गोष्टींत येत नाही.

खोलीचा विषय तर कुठल्याच पुस्तकात नाही आणि मुंबईत तोच पहिला आहे. खोली कुणाच्या नावावर आहे? पागडीची असेल तर भाडेपावती सासऱ्याच्या नावाची की नवऱ्याच्या? झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, हे तिला ठाऊक आहे का? दोन क्वार्टर पाजून कोऱ्या कागदावर सही घेणारे एजंट प्रत्येक नाक्यावर आहेत. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या मेहुण्याचं काय होतं? पगार कुठल्या खात्यात जातो, कार्ड कुणाकडे असतं? गिरणगावात एके काळी पगाराच्या दिवशी बायका फाटकाशी येऊन उभ्या राहत. पगार आता खात्यात जमा होतो, उभं कुठे राहायचं? व्यसनाची आर्थिक बाजू म्हणजे 'पैशांची नासाडी होते' एवढं वाक्य लिहून लेखक मोकळे होतात.

कायद्याचंही असंच. गाडी पाठवून उचलून नेतो, तीन महिने ठेवतो, असं फोनवर सांगणारी केंद्रं आहेत आणि थकलेलं घर हो म्हणतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तरच त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, नोंदणीकृत ठिकाणी त्याला दाखल करता येतं. तेही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी. हे वाचलेली आई गाडीवाल्याला दोन प्रश्न तरी विचारेल. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर डब्यातल्या स्टिकरांच्या गर्दीत मला दिसलेला नाही.

आता पैशांबद्दल. राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त उत्पन्न मिळतं. पिण्यासाठी परवाना लागावा असा १९४९ चा दारूबंदी कायदा कागदावर आजही आहे, आणि त्याच कायद्याच्या राज्यात ही कमाई होते. आपल्या विनोदबुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडी. सामाजिक न्याय विभागाने व्यसनमुक्ती साहित्य संमेलनंही भरवली आहेत. संमेलनाला माझा विरोध नाही, परिसंवाद ऐकायला मला आवडतात. पण त्या मांडवात बोलतात व्यसनमुक्त झालेले, डॉक्टर आणि मंत्री. घरातली बाई बोलते ती एखाद्या सत्राच्या शेवटी, रडत, पाच मिनिटं. दारूबाबत तिचं मत राज्याने खरोखर विचारलं ते एकदाच: उभी बाटली की आडवी बाटली, या मतदानात. वॉर्डातल्या बायकांनी बाटली आडवी केली की दुकान बंद. पण दुकान बंद झालं म्हणून तिच्या घरातला बंद होत नाही, तो पुढच्या नाक्यावर जातो, नाहीतर गावठीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. आकडा छापून आला, आरोपी पकडले गेले, मदतीचे चेक वाटले. त्या घरांचं पुढे काय झालं यावर एकही मराठी पुस्तक माझ्या काउंटरवरून अजून गेलेलं नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. उत्पादन शुल्कातला एक छोटा वाटा घराच्या पुस्तकांसाठी काढावा. लिहून घेण्यासाठी, छापण्यासाठी आणि अनुदानित वाचनालयांत पोचवण्यासाठी. महापालिकेच्या दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत, रेशनच्या दुकानातही ती ठेवायला हरकत नाही. पुस्तक पातळ असावं, पर्समध्ये मावेल असं. मुखपृष्ठावर बाटली, कवटी, तुटलेली काच यातलं काहीही नको, कारण ते तिला लोकलमध्ये उघडून वाचायचंय.

लिहिणार कोण, ही खरी अडचण आहे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईने लिहायचं म्हणजे सगळं चव्हाट्यावर आणायचं, अशी भीती असते. चाळीला सगळं माहीत असतं, तरी छापील होणं वेगळं. पिणाऱ्याला मीटिंगमध्ये आडनाव लपवायची सोय आहे. तिला ती नाही, कारण ती अमक्याची बायको म्हणूनच ओळखली जाते. पण नाव न देता, अनेकींनी मिळून लिहिता येतं. सहचरीसारख्या गटांत बायका जे बोलतात ते त्यांच्या परवानगीने उतरवून घेणारी माणसं लागतील, आणि त्या कामाचे बोलणाऱ्या बाईलाही पैसे मिळावेत. पोरांचंही लिहून घ्यावं. गॅलरीतल्या चपलांच्या आवाजावरून आज किती झाली आहे ते ओळखणारी पोरं आता चाळिशीत आहेत, ठाण्या-डोंबिवलीत फ्लॅट घेऊन राहतात आणि पार्टीत ग्लास हातात घ्यायचा की नाही यावर दर वेळी स्वतःशी हुज्जत घालतात. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

तोवर आत्मकथन लिहिणाऱ्या पुरुषांसाठी आणि त्यांच्या प्रकाशकांसाठी एक अट सुचवते. पुस्तकात नवऱ्याचं आयुष्य छापलं जातं तेव्हा बायकोचं आणि मुलांचंही छापलं जातं, आणि तिची संमती कुणी घेत नाही. तिच्या अंगावर उठलेला वळ त्याच्या प्रांजळपणाचा पुरावा म्हणून वाचकांपुढे जातो, तोही तिला न विचारता. हस्तलिखित प्रेसला जाण्याआधी तिला वाचायला द्यावं. निवांत, तो समोर बसलेला नसताना. तिला आठवतं ते वेगळं असेल तर तेही छापावं, तिच्या शब्दांत. आणि एखादं पान काढा म्हणाली तर ते काढावं, मग पुस्तक कितीही बारीक होवो.